गायतोंड्यांच्या सुनीतीबाई

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभे असताना एक संभाषण आमच्या कानावर पडले. आपल्यातल्याच एका घरातली मुलगी, जन्म इथलाच, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी संपवून आता 'इन्फेक्शस डिसीज'ची फेलोशिप करणार म्हणून सांगत होती. पुढे उभ्या असलेल्या काकूंना काही उलगडा होईना. "अगं, पण म्हणजे नक्की कसली डॉक्टर? हृदयाची का होत नाहीस? एवढी हुशार तू!" मुलीने शांतपणे चकली ताटलीत घेतली आणि म्हणाली, "काकू, मी तापाची डॉक्टर होणार."

उत्तर आम्हांला फार आवडले. घरी येताना गाडीत तोच विषय निघाला. आमच्या दोघांपैकी एक जण तीस वर्षे इस्पितळाच्या लॅबमध्ये होता, त्यामुळे या तापाच्या डॉक्टरांशी आमचा रोजचा संबंध. शिवाय या शाखेत एका मराठी नावाने केवढे काम करून ठेवले आहे, ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. संपादकांनी दोन पाने दिली आहेत, तेवढ्यात सांगतो.

आधी त्या काकूंच्या शंकेविषयी. हृदयाच्या डॉक्टरकडे नळ्या असतात, हाडाच्या डॉक्टरकडे करवत असते. तापाच्या डॉक्टरकडे फक्त प्रश्न असतात. घरात कुत्रा आहे का, मांजर आहे का, विहिरीचे पाणी पिता का, भारतात कधी गेला होता, कुठल्या गावी राहिला, गोठ्यात गेला होता का, कच्चे दूध प्यायला का. बाकीचे डॉक्टर दहा मिनिटांत निघून जातात, हा तासभर बसतो, आणि मग खाली लॅबमध्ये येऊन आमच्या डोक्यावर उभा राहतो: कल्चरमध्ये काय उगवले? अमेरिकेची पद्धत अशी की इथे प्रश्न विचारण्याला पैसे कमी आणि नळी घालण्याला जास्त. चार वर्षे कॉलेज, चार वर्षे मेडिकल स्कूल, तीन वर्षे रेसिडेन्सी आणि वर दोन वर्षे फेलोशिप एवढे करून हा डॉक्टर पुष्कळदा फेलोशिप न केलेल्या मित्रापेक्षाही कमी कमावतो. म्हणून मुले तिकडे वळत नाहीत. कोविडसारखी साथ येऊन गेल्यावरही, २०२२ सालच्या मॅचमध्ये या शाखेच्या चाळीस टक्क्यांहून अधिक प्रोग्रॅममधल्या सगळ्या जागा भरल्या नाहीत. आपली मुलगी तिथे जाते आहे, तर तिला ताटलीभर चकल्या जास्त द्यायला हव्या होत्या.

ही शाखा तशी जुनी नाही. इन्फेक्शस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका स्थापन झाली १९६३ साली आणि या विषयाची वेगळी बोर्डाची परीक्षा सुरू झाली १९७२ साली. गंमत अशी, की नेमक्या त्याच काळात या देशातल्या शहाण्या लोकांना वाटू लागले होते की संसर्गाचे रोग आता संपले. पेनिसिलिन आले, देवीचा रोग जगातून जाऊ लागला, पोलिओची लस निघाली. त्या वेळच्या सर्जन जनरलच्या नावावर 'आता संसर्गाचे पुस्तक मिटवू या' अशा अर्थाचे एक वाक्य अजूनही खपवले जाते. संशोधकांनी पुष्कळ शोधूनही ते त्याने म्हटल्याचे कुठे सापडलेले नाही. पण रॉबर्ट पीटर्सडॉर्फ या नामांकित प्राध्यापकांनी, जे स्वतः याच विषयातले दिग्गज, १९७८ साली जे लिहिले ते मात्र छापलेले आहे. या विषयातले आणखी ३०९ डॉक्टर तयार होऊन बाहेर पडत आहेत, ते करणार तरी काय? एकमेकांचीच कल्चर्स काढत बसतील, असा त्याचा मतलब होता.

तीन वर्षांनी, ५ जून १९८१ रोजी, अटलांटाच्या सीडीसीच्या साप्ताहिक पत्रकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. पुढे काय झाले ते सांगायला नको. त्या ३०९ जणांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही.

आता थोडे मागे जातो, कारण या कथेची सुरुवात आपल्याच माणसापासून होते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, हे आपण शाळेत शिकलो. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय बावीससुद्धा पुरे झाले नव्हते. त्या बोटीत बसल्या त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला होता. म्हणजे त्यांना मारणारा शत्रू कोण हे माहीत झाले होते, फक्त त्याच्यावर औषध नव्हते. ते औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. कुठे? न्यू जर्सीतच, रटगर्सला, वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याच्या हातून. रोझेलपासून ती जागा वीसेक मैलांवर आहे. आनंदीबाईंची रक्षा पोकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. आम्ही एका ऑक्टोबरात तिथे गेलो होतो. पाने पडली होती, दगड शोधायला वेळ लागला. ज्यांना जमेल त्यांनी जाऊन यावे.

त्यांच्या पदवीनंतर शंभर वर्षांनी, १९८६ साली, मद्रासमध्ये दुसऱ्या एका मराठी बाईने अशाच एका नव्या जंतूचा माग काढला. त्यांचे नाव डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे.

मद्रासमध्ये स्थायिक झालेले हे मराठी कुटुंब. व्यवसाय कातड्याचा. आठ मुलांत ही सातवी, आणि एकुलती एक मुलगी. दरवर्षी लस टोचायला आरोग्य खात्याचा अधिकारी घरी येत असे, त्याला पाहून आपल्याला डॉक्टर व्हावेसे वाटले, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे. आपण सगळे त्या माणसाला पाहून माजघरात पळत होतो. ही मुलगी पाहत उभी राहिली!

मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये त्या शिकल्या आणि डॉ. व्हिक्टर सॉलोमन या हृदयाच्या शल्यविशारदांशी त्यांचे लग्न झाले. मग दोघेही बाहेर पडले. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत सुनीतीबाईंनी पॅथॉलॉजीचे शिक्षण आणि अनुभव घेतला. आणि १९७३ साली ते दोघे परत गेले.

या १९७३ सालापाशी आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण आपल्या मंडळातले निम्मे संसार त्याच्या आगेमागे सुरू झालेले आहेत. १९६५ च्या कायद्याने या देशाचे दार उघडले होते. परदेशी डॉक्टरांची ईसीएफएमजीची परीक्षा द्यायची, पत्र आले की बॅग भरायची. शिकागो, डेट्रॉइट, ब्रुकलिन इथल्या सरकारी इस्पितळांना रात्रपाळी करायला हात हवे होते. १९७६ च्या कायद्याने ते दार पुन्हा आवळले, परीक्षा अवघड झाल्या, पण तोवर आपली माणसे येऊन पोचली होती. नंतरच्यांना फेमजेम्स आली, मग १९९२ पासून यूएसएमएलई आली. जे-वन व्हिसावर आलेल्यांना शिक्षण संपले की दोन वर्षे मायदेशी जाण्याची अट होती. ती माफ करून घ्यायची तर डॉक्टर नसलेल्या खेड्यात नोकरी पत्करायची, अशी सोय १९९४ साली झाली. आपल्यातले दोघे-तिघे त्या सोयीनेच डाकोटात आणि केंटकीत जाऊन राहिले, आणि त्यांच्या बायकांनी तिथे कढीपत्ता कसा वाढवला ती हकीकत याच पत्रिकेत कधीतरी छापून आली पाहिजे.

आम्ही सगळे 'पाच वर्षांनी परत' म्हणत आलो होतो. सुनीतीबाई आणि त्यांचे यजमान खरोखर परत गेले. आपली गरज तिकडे जास्त आहे असे त्यांना वाटले, एवढेच कारण त्यांनी दिलेले आहे. यावर आम्ही काही भाष्य करत नाही. ज्याचे त्याला ठाऊक असते.

मद्रासला परतल्यावर त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट केली आणि मद्रास मेडिकल कॉलेजच्या त्या विषयाच्या संस्थेत शिकवू लागल्या. १९८१ पासून अमेरिकेतून येणारे एड्सवरचे लेख त्या वाचत होत्या. त्या काळी भारतात एकच सूर होता: हा रोग अमेरिकेचा, त्यांच्या वागणुकीचा, आपल्या संस्कृतीत तो यायचा नाही. इथेही आपल्या बैठकांत हेच बोलले जायचे, आम्हीही बोललो असू. १९८५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत या विषाणूची रक्तचाचणी मंजूर झाली. त्याच सुमारास डॉ. सेल्लप्पन निर्मला ही त्यांची विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधत होती. सुनीतीबाईंनी तिला विषय दिला: मद्रासमध्ये हा विषाणू आहे का ते पाहा.

निर्मला तेव्हा बत्तीस वर्षांच्या, पदरी दोन लहान मुले. बाईंचा विषय ऐकून त्या आधी नको म्हणत होत्या, त्यांच्या यजमानांनीच धीर दिला. देहविक्रयाच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रियांना मद्रासच्या सरकारी सुधारगृहात ठेवत, तिथे जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे होते. बसभाडे वाचवायला यजमान स्कूटरवरून सोडायला येत. हातमोजे नाहीत, विशेष साधने नाहीत. सुनीतीबाईंनी जुळवून दिलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत रक्तातला सीरम वेगळा करायचा आणि ठेवायचा कुठे, तर घरच्या फ्रिजमध्ये! दूध, भाज्या आणि त्या नळ्या. ऐंशीहून अधिक नमुने असे जमले. ज्यांचे रक्त घेतले त्या स्त्रियांना हे कशासाठी चालले आहे ते सांगितलेले नव्हते. आज कुठलीही नीतिसमिती हे चालू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मोठ्या शोधाच्या हकिकतीत हा भाग वगळतात, पण तो आम्हांला वगळावासा वाटत नाही.

चाचणीची सोय मद्रासला नव्हती, दोनशे किलोमीटरवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये निर्मला आणि त्यांचे यजमान बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि तिथून रिक्षाने कॉलेजात गेले. डॉ. जेकब जॉन यांची ती प्रयोगशाळा. सकाळी साडेआठला चाचणी लावली. दुपारी वीज गेली, म्हणून सगळे चहाला गेले. परत येऊन तिथल्या जॉर्ज बाबूंनी झाकण उघडले आणि झटकन मिटले. पण निर्मलांनी पाहिले होते. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला होता.

लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला त्या झाकणाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पहिल्यांदा आपण मशीनवर शंका घेतो, मग स्वतःच्या हातावर, आणि मगच निकालावर विश्वास ठेवतो. इथेही तेच झाले. त्या सहा जणींचे रक्त पुन्हा घेतले. मग नमुने इथे, अमेरिकेत, बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये पाठवले. वेस्टर्न ब्लॉट चाचणीने निकाल पक्का केला. मे १९८६ मध्ये तामिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ते जाहीर केले. पुष्कळांना ते खरे वाटले नाही, कित्येकांना त्याचा राग आला. मार्च १९८७ मध्ये निर्मलांनी प्रबंध सादर केला आणि पुढे त्या मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लस बनवण्याच्या कामात गेल्या. त्यांचे नावही फार वर्षे कोणाला माहीत नव्हते.

इथपर्यंतची सुनीतीबाईंची सगळी घडण काचपट्टीवरची होती. पॅथॉलॉजीचा डॉक्टर रोग पाहतो, रोगी पाहतो असे नाही. पण निकाल हाती आल्यावर त्या सहा जणींना आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना सांगायचे कोणी, समजावायचे कोणी, हा प्रश्न उभा राहिला. घ्यायला डॉक्टर तयार नव्हते, खाट द्यायला इस्पितळे तयार नव्हती. तेव्हा पन्नाशीच्या उंबऱ्यावर या बाई नवा धंदा शिकल्या, समोरच्या माणसाशी बोलण्याचा. १९९३ साली त्यांनी स्वतःचे केंद्र काढले आणि त्याला वडिलांचे नाव दिले: वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन. लोक त्याला वायआरजी केअर म्हणतात. कातड्याच्या व्यापाऱ्याचे हे मराठी आडनाव जगभरच्या एड्सच्या परिषदांत घेतले जाऊ लागले, ते असे.

आता आमची हकीकत सांगतो. सांगू की नको यावर घरात दोन दिवस वाद झाला.

१९८३ साली आमच्या गावातल्या एका मराठी गृहस्थांचे मोठे ऑपरेशन झाले आणि त्यांना रक्त चढवले गेले. चाचणी दोन वर्षांनी यायची होती. पुढे ते आजारी पडू लागले. बाहेर सांगितले होते की रक्ताचा काहीतरी विकार आहे, पण कुणकुण सगळ्यांना लागली. १९८७ च्या संक्रांतीला पॉटलकमध्ये त्यांच्या पत्नीने मसालेभाताचे मोठे पातेले आणले. टेबलावर बारा पदार्थ होते, अकरा संपले. मसालेभाताला चमचाही लागला नाही. त्या बाई शेवटी पातेले घेऊन गाडीकडे गेल्या, तेव्हा आमच्यापैकी एक जण दार उघडायला पुढे झाला. आम्ही केले ते एवढेच. हा रोग ताटातून, भातातून पसरत नाही हे बाकीच्यांना नसेल माहीत, पण आम्ही लॅबमध्ये काम करत होतो, आम्हांला पक्के माहीत होते. तरीही आम्ही तो भात वाढून घेतला नाही. ते गृहस्थ पुढच्या वर्षी गेले. कुटुंब नंतर दुसऱ्या राज्यात राहायला गेले आणि पत्ता कोणाला दिला नाही.

त्याच दिवसांत आम्ही ज्या इस्पितळात होतो तिथे अशा रुग्णांच्या जेवणाचे ट्रे दाराबाहेर जमिनीवर ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. आत नेऊन ठेवणारे बहुधा ते तापाचे डॉक्टरच असत.

सुनीतीबाईंच्या केंद्रात येणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी घराबाहेर न पडलेल्या गृहिणी होत्या. नवऱ्याखेरीज कोणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता, आणि दोष त्यांच्याच पायगुणाला लागायचा. मग औषधे आली. इथे १९८७ साली एझेडटी आणि १९९६ पासून तीन औषधांचा एकत्र उपचार. पण त्याचा खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीदांनी तीच औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरला, म्हणजे दिवसाला डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केली, आणि जगाचे गणित बदलले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने उपचार मोफत द्यायला सुरुवात केली. माणसे जगू लागली, आणि जगू लागल्यावर भारतातल्या घरांत जे होते ते झाले. आईवडील म्हणू लागले, आता लग्न कर!

ज्याने घरी काहीच सांगितलेले नाही त्याने काय करायचे? तेव्हा सुनीतीबाईंनी चक्क वधूवरसूचक मंडळ चालवले. मुलगाही एचआयव्ही असलेला, मुलगीही. धर्म, शिक्षण, पगार हे तर बघायचेच, कारण भारतातली लग्ने आहेत ती. त्याच्या जोडीला रक्तातल्या पेशींचा आकडा आणि विषाणूंचा आकडा. छत्तीस गुण जुळवण्याचा याहून शास्त्रशुद्ध प्रकार आमच्या तरी पाहण्यात नाही. त्यांच्या या उद्योगावर दोन अमेरिकन दिग्दर्शिकांनी 'लव्हसिक' नावाचा माहितीपट काढला, तो २०१७ साली आला.

२०११ साली आणखी एक मोठी गोष्ट झाली. नॉर्थ कॅरोलायनाच्या मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांत १,७६३ जोडप्यांचा अभ्यास चालला होता. जोडप्यातल्या एकाला विषाणू, दुसऱ्याला नाही. उपचार लवकर सुरू केले तर दुसऱ्याला लागण होते का, हा प्रश्न. उत्तर आले, की ९६ टक्क्यांनी टळते. या अभ्यासात भारतातली दोन शहरे होती. एक चेन्नई, सुनीतीबाईंचे केंद्र. दुसरे पुणे, भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. आज अमेरिकेत डॉक्टर रुग्णाला सांगतात की औषध नियमित घेऊन विषाणू दिसेनासा झाला तर तुमच्यापासून जोडीदाराला धोका नाही. त्यामागे चेन्नई-पुण्याच्या त्या नवरा-बायकोंनी वेळोवेळी येऊन दिलेले रक्त आहे.

डॉ. व्हिक्टर सॉलोमन २००६ साली गेले. सुनीतीबाई २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत कर्करोगाने गेल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांचा मुलगा डॉ. सुनील सॉलोमन याच रोगावर काम करतो, तेही जॉन्स हॉपकिन्समध्ये, जिथे आईने पाठवलेले नमुने तपासले गेले होते. म्हणजे आई परत गेली आणि मुलगा इकडे आला. आपल्या मुलांना हे सांगायला हरकत नाही, आणि आपण स्वतःही लक्षात ठेवायला हरकत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पुष्कळ घरांतून आम्हांला फोन येतात की आईची किंवा सुनेची टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आली, आता काय? घाबरू नका. आपल्या दंडावर बीसीजीचा जो वण आहे त्यामुळे ती चाचणी फसू शकते. डॉक्टरकडे रक्तातली चाचणी मागा, तिला बीसीजीमुळे फसायला होत नाही. आणि तीही पॉझिटिव्ह आली तर लपवू नका, औषध घ्या. शेजाऱ्यांना सांगायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

फराळाच्या रांगेतली ती मुलगी येत्या जुलैत फेलोशिप सुरू करते आहे. त्याआधी, मेच्या सभेला, भारतात जाण्यापूर्वी कुठल्या लसी घ्याव्यात यावर ती बोलणार आहे. सभा नेहमीच्या लायब्ररीत, दुपारी तीनला. जेवण पॉटलक. आम्ही मसालेभात आणत आहोत.